हळदी की हसरु?

‘कुठलं किट घ्यावं?’ हा एकच प्रश्न गेल्या काही महिन्यांत मला अनेकांनी विचारला. रामदेव हॉटेलपाशी भेटलेल्या एका गृहस्थांनी तर रस्त्यात थांबवून विचारलं. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची, त्यात मासे आणि प्रवाळ सांभाळायचे, तर पाणी तपासायचं किट लागतंच. मीठ कसं कालवावं, दिवे कुठले लावावेत, हे या सदरात लिहून झालं. किटबद्दल मात्र मी टाळत आलो. विसरलो म्हणून नव्हे. त्या लेखात एक गोष्ट सांगावी लागणार होती, जी मी घरातसुद्धा चाळीसहून जास्त वर्षं कोणाला सांगितली नव्हती. आता घरी सांगून झाली आहे, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही.

आधी टाकीची ओळख. टिळकवाडीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत दोनशे लिटरची टाकी आहे. मी बँकेतून निवृत्त झाल्यावर सुरू केलेला हा उद्योग. आमची ही त्याला ‘दुसरा संसार’ म्हणते. माझा भागीदार म्हणजे लेकीचा मुलगा, वय वर्षं दहा. लेक कन्नड घरात दिली आहे, तीही गावातच. त्यामुळे नातू आजीशी मराठीत भांडतो, माझ्याशी कन्नडमध्ये लाडीगोडी करतो आणि माशांशी दोन्ही भाषांत बोलतो. संक्रांतीला आम्ही क्लाउनफिशची जोडी आणली. पैदास केंद्रातली, समुद्रातून धरलेली नव्हे. तिळगूळ वाटायचा दिवस म्हणून त्याने मोठीला बेल्ला नाव ठेवलं आणि धाकट्याला एळ्ळू.

टाकीतले प्रवाळ मऊ जातीचे आहेत. मशरूम, झोअँथिड आणि एक कातड्यासारखा लेदर. कठीण सांगाड्याचे दगडी प्रवाळ आपल्याकडे २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट एकमध्ये आहेत. समुद्रपंखे आणि काळे प्रवाळही तसेच. मालवणला, ग्रांदे बेटाजवळ किंवा मुरुडेश्वरच्या नेत्राणीला गेलात तर पाण्यात डोकं घालून बघा आणि तिथेच सोडून या. दुकानदार ‘मिळेल हो’ म्हणाला, तरी बिल मागा आणि माल कुठून आला ते विचारा. हे इथे सांगायचं कारण असं, की टाकीत काय पाळणार यावर कुठलं किट घ्यायचं हे ठरतं. कंपनीचं नाव नंतर येतं.

बरेच जण सुरुवातीलाच आठ-दहा चाचण्यांची मोठी पेटी घेतात. त्यातल्या निम्म्या बाटल्या न उघडताच कालबाह्य होतात. माझ्या अनुभवाने क्रम असा लावावा.

सगळ्यात आधी खारटपणा. समुद्राचं पाणी हजारी पस्तीस भाग खारं असतं, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. टाकीतलं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ उडत नाही. त्यामुळे रोजची भर गोड्या पाण्याची घालायची आणि खारटपणा मोजत राहायचा. तरंगणारा प्लास्टिकचा काटा स्वस्त पडतो, पण त्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. डोळ्याला लावून बघायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो साध्या पाण्यावर शून्याला लावून थांबू नका. पस्तीसच्या प्रमाण द्रावणावर लावा. द्रावण नसेल तर ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात ३६.५ ग्रॅम मीठ विरघळवलं, की रिफ्रॅक्टोमीटरला ते पस्तीसच्या समुद्राच्या पाण्यासारखंच दिसतं. कारवारहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारे लोक मला माहीत आहेत. पावसाळ्यात तिथे काळी नदी समुद्रात किती गोडं पाणी ओतते, हे त्यांनी एकदा मोजून बघावं.

दुसरं, टीडीएस मीटर. आपल्या नळाला राकसकोपचं येवो की हिडकलचं, ते माणसांसाठी असतं, प्रवाळांसाठी नव्हे. आरओ आणि त्यापुढे डीआय काडतूस लावून जे पाणी निघेल, त्यावर मीटरने शून्य दाखवलं पाहिजे.

तिसरं, अमोनिया आणि नायट्राइट. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जीवाणू वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ही दोन किट हाताशी हवीतच. खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशांना फारसं बाधत नाही, कारण तिथलं क्लोराइड त्याला आत शिरू देत नाही. अमोनियाचं तसं नाही. पाण्याचा पीएच जितका चढा, तितका अमोनिया जास्त विषारी रूपात राहतो. सातच्या तुलनेत सव्वाआठच्या पाण्यात विषारी हिस्सा दहापटीहून जास्त भरतो, आणि रीफ टाकी चालते ती आठ ते साडेआठच्या दरम्यानच. म्हणून टाकी जुनी झाली तरी अमोनियाचं किट घरात असावं. एखादी गोगलगाय दगडामागे मेली, वीज दिवसभर गेली, कोणी डबाभर खाणं ओतलं, की त्याची गरज पडते.

चौथं, नायट्रेट आणि फॉस्फेट. नायट्रेट दोन ते दहा पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असं राखलं, की मऊ प्रवाळ खूश असतात. शून्य आलं म्हणून पेढे वाटू नका, प्रवाळांनाही थोडं खायला लागतं.

पाचवी क्षारता, जी डीकेएचमध्ये मोजतात. सात ते अकराच्या आत ठेवावी आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आज आठ, उद्या अकरा असं होऊ देऊ नये. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची किट सांगाडा बांधणाऱ्या जिवांसाठी लागतात. माझ्यासारखी मऊ प्रवाळांची टाकी असेल आणि दर पंधरवड्याला पाणी बदलत असाल, तर ते पैसे वाचवले तरी चालेल.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. वही होती, तारखा होत्या, दर रविवारी सकाळी नातू आणि मी टेबलावर काचेच्या नळ्या मांडून बसायचो. अमोनियाचं आमचं किट थेंबांचं होतं. नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवून पाच मिनिटं थांबायचं आणि नळी रंगांच्या तक्त्याशी लावून बघायची. पिवळा म्हणजे अमोनिया नाही. हिरवा जितका गडद तितका धोका जास्त. नातवाने तक्ता कन्नडमध्ये पाठ केला होता. हळदी चांगलं, हसरु वाईट. पिवळ्याला कन्नडमध्ये हळदी म्हणतात, हे त्याच्या मराठी आजीला फार आवडायचं.

माझा एक नियम होता. एकट्याने वाचायचं नाही. आधी मी बघायचा, मग तो. दोघांचं जुळलं तरच वहीत लिहायचं. बँकेत दोन सह्यांशिवाय तिजोरी उघडत नाही, तसं. आमचं दर वेळी जुळायचं. आठ महिने वहीत शून्यामागून शून्य लिहिलं गेलं.

गेल्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं होतं. मुलांना टाकीचं आकर्षण. प्रत्येकाने चिमूटभर म्हणत माशांना खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी पाणी किंचित गढूळ वाटलं. बेल्ला खाण्यावर आली नाही. मी लगेच नळ्या काढल्या. नातूही राहायला होताच. मी बघितलं, पिवळं वाटलं. त्याने नळी तक्त्याशी लावली आणि म्हणाला, “हळदी अद, अज्जा.” दोन सह्या झाल्या. मी म्हटलं, चला, पाणी ठीक आहे, माशाला गर्दीचा त्रास झाला असेल. पाणी बदललं नाही. खाणं तेवढं बंद केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल्ला पृष्ठभागाशी धापा टाकत होती, गल्फे भराभर हलत होते. दुपारी गेली. लेदर प्रवाळाने अंग मिटून घेतलं होतं. एळ्ळू दगडाच्या फटीतून बाहेर येईना. आम्ही पुन्हा चाचणी केली, पुन्हा दोघांनी हळदीच वाचलं. नातू नळी हातात धरून रडत होता. तेवढ्यात लेक त्याला न्यायला आली. तिने नळीकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अप्पा, हे हिरवं आहे. चांगलं हिरवं आहे.”

मी आधी उजेडाला दोष दिला. गणपतीच्या माळा लुकलुकत होत्या, टाकीचा निळा दिवा चालू होता. लेक नळी घेऊन अंगणात गेली. आमच्या हीला बोलावलं, शेजारच्या काकूंना बोलावलं. तिघींनी एकच घर दाखवलं. मग लेकीने मुलाकडे बघितलं आणि तिच्या ओढणीचा रंग विचारला. त्याने सांगितला. ती काही बोलली नाही. पण माझ्या पोटात खड्डा पडला, कारण ओढणीचा मला दिसत होता तोच रंग त्याने सांगितला होता.

आता ती जुनी गोष्ट. १९७९ साली मी एका नोकरीची लेखी परीक्षा पास झालो होतो. त्या कामात रंगीत दिवे ओळखावे लागत. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्या-ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे केलं. जपानमधल्या शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेले ते तक्ते, आजही तेच वापरतात. चांगली नजर असलेल्याला ठिपक्यांत आकडे दिसतात. मला पहिल्या पानाखेरीज फारसं काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, लाल-हिरव्यात तुमचा घोटाळा आहे, हा जन्मजात असतो. मी घरी येऊन सांगितलं की मुलाखतीत गेलो. लग्नाच्या वयात ‘डोळ्यांत दोष’ असं कोणाच्या कानावर जायला नको, असं तेव्हा वाटलं. पुढे बँकेत लागलो. नोटा आकारावरून आणि छपाईवरून ओळखायचो. खतावणीतली लाल शाई मला काळपट दिसायची, पण लिहिलेलं वाचायला रंग कुठे लागतो? बाजारात टोमॅटो हिच्यावर सोपवले. आयुष्य निभावलं आणि ती गोष्ट मीच विसरल्यासारखं केलं.

त्या रात्री लेकीला सगळं सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी मुलाला नेत्रतज्ज्ञांकडे नेलं, मीही गेलो. तेच पुस्तक बाहेर आलं. नातू पानं उलटत होता आणि मला कळत होतं की तो कुठे अडणार. डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. बापाचं एक्स मुलीला मिळतंच. तिच्याकडे दुसरं चांगलं एक्स असतं म्हणून तिला बहुतेक काही जाणवत नाही. तिच्या प्रत्येक मुलाला मात्र तो दोष येण्याची शक्यता निम्मी. आजोबाकडून लेकीमार्फत नातवाकडे, असा त्याचा सरळ रस्ता आहे.

लेकीने मला फारसं काही सुनावलं नाही. एवढंच म्हणाली, “अप्पा, चित्रकलेच्या तासाला झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून याला दोनदा वर्गाबाहेर उभं केलं. मीही घरी ओरडले. तुम्ही सांगितलं असतंत तर मी ओरडले नसते.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जावईबापूंनी विषय बदलत विचारलं, “मावा, मग आता टाकीचं काय?” तेवढ्यावर मी तरलो.

टाकीचं आधीच केलं होतं. त्याच संध्याकाळी तयार ठेवलेलं, त्याच खारटपणाचं आणि तापमानाचं साठ लिटर पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकंच. लेकीने रोज येऊन नळी वाचली. पाचव्या दिवशी तिने पिवळं सांगितलं. एळ्ळू वाचला.

त्यानंतर मी किटकडे नव्याने बघायला लागलो. कुठलं किट चांगलं, हा प्रश्न अर्धाच आहे. ते कोणाच्या डोळ्यांनी वाचलं जाणार, हा दुसरा अर्धा. पुरुषांत हा दोष बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि टाक्या सांभाळणाऱ्यांत माझ्या ओळखीचे तरी बहुतेक पुरुषच आहेत. त्यातल्या कित्येकांनी आपले डोळे कधी तपासलेले नसतील.

रंग जुळवायच्या किटमध्ये अमोनियाचं पिवळं-हिरवं आणि नायट्रेटचं पिवळं-नारिंगी-लाल, हे दोन तक्ते आमच्यासारख्यांना सगळ्यात घातक. नायट्राइटचं फिकट निळ्यावरून जांभळं होणंही अवघडच. ही किट वाईट नाहीत, उजेडात आणि चांगल्या नजरेला ती व्यवस्थित काम देतात. फक्त आमच्यासाठी नाहीत.

थेंब मोजायची किट वेगळी. त्यात छटा जुळवायची नसते, रंग पालटला की थांबायचं आणि किती थेंब लागले ते मोजायचं. क्षारतेची काही किट निळ्यावरून पिवळ्यावर जातात, ती मला स्वच्छ दिसतात. काही निळसर-हिरव्यावरून गुलाबी होतात, कॅल्शियमची बरीचशी गुलाबीवरून निळ्यावर येतात. तिथे माझा निभाव लागत नाही. तेव्हा घेण्याआधी दुकानदाराला किंमत विचाराच, पण रंग कशावरून कशावर जातो तेही विचारा.

तिसरा प्रकार आकडा दाखवणारा. हॅना कंपनीचे मुठीत मावणारे चेकर मिळतात. प्रत्येक घटकासाठी वेगळा असतो. काचेच्या कुपीत टाकीचं पाणी घालून यंत्राला शून्य ओळखायला लावायचं, मग रसायन टाकून पुन्हा ठेवायचं. आतला दिवा कुपीतून प्रकाश सोडतो, किती अडला ते यंत्र मोजतं आणि आकडा लिहून दाखवतं. एकाच्या किमतीत थेंबांची दोन-तीन किट येतील आणि रसायन पुन्हा पुन्हा विकत घ्यावं लागतं. कुपीवर बोटाचा ठसा किंवा आत बुडबुडा राहिला तर तेही चुकतं. तरी आम्ही अमोनिया आणि नायट्रेट यंत्रावर नेले, क्षारतेला निळं-पिवळं किट ठेवलं. फॉस्फेटचा चेकर पुढच्या दिवाळीला.

काही गोष्टी सगळ्यांसाठी, नजर कशीही असो. किट घेताना शेवटची तारीख बघा. तारीख नसेल तर लॉट नंबरमध्ये बनवल्याचा महिना-वर्ष दडलेलं असतं का ते दुकानदाराला विचारा. थेंबांच्या नायट्रेट किटमधली एखादी बाटली जोरात हलवल्याशिवाय खरं सांगत नाही, कारण तिच्यातली भुकटी तळाशी बसते. माहितीपत्रकात अर्धं मिनिट लिहिलं असेल तर घड्याळ लावून अर्धं मिनिट हलवा. पाण्यात नायट्राइट असेल तर नायट्रेट जास्त दिसतं, म्हणून नव्या टाकीत त्या आकड्याने घाबरू नका. नळी दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदापुढे धरा, टाकीच्या निळ्या दिव्याखाली कधीच नको. महिन्यातून एकदा शुद्ध आरओ-डीआय पाण्यावर अमोनियाची चाचणी करा. शून्य आलं नाही, तर किट बदला. आणि या बाटल्यांत तीव्र आम्ल किंवा अल्कली असतं, तेव्हा मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका.

दोन सह्यांचा नियम मी मोडलेला नाही. मात्र दुसरी सही आता लेकीची. ती दूर असली तर आमच्या हीची. आणि पहिल्याने काय वाचलं, ते दुसऱ्याला आधी सांगायचं नाही.

नातवाच्या शाळेत लेक जाऊन डॉक्टरांचा कागद देऊन आली. त्याच्या खडूंच्या प्रत्येक कांडीवर आता रंगाचं नाव चिकटवलेलं आहे, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. चिठ्ठ्या त्याने स्वतः लिहिल्या, आजीला शेजारी बसवून, कुठली कांडी कुठल्या रंगाची ते विचारत. मग माझ्यासाठीही एक पेटी तशीच केली. मी म्हटलं, मला या वयात खडू कशाला? तो म्हणाला, “अज्जा, तुला पण दिसत नाही ना?”

क्लाउनफिशमध्ये मादी गेली की उरलेला नर काही काळाने मादी होतो. एळ्ळू अंगाने वाढतो आहे. संक्रांतीला त्याच्यासाठी धाकटा जोडीदार आणायचा ठरलं आहे. त्याआधी वाचकांना विनंती एवढीच. किटची ऑर्डर देण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांचे डोळे एकदा त्या ठिपक्यांच्या पुस्तकावर तपासून घ्या. आणि कोणाचा निकाल माझ्यासारखा आला, तर तो घरात सांगून टाका.